रक्तातील मेण

लग्नाच्या पंगतीत वाढपी तुपाचे भांडे घेऊन आला, की पानावर आडवा हात धरून "नको, कोलेस्टेरॉल वाढले आहे" असे म्हणणारे एकदोघे तरी आज हमखास भेटतात. त्यांच्या स्वरावरून ऐकणाऱ्याला वाटावे, की कोलेस्टेरॉल हे एखाद्या विषाचे नाव असून ते तुपाच्या धारेबरोबर पोटात उतरते. वस्तुतः पंगतीतल्या प्रत्येकाच्या अंगात, तूप खाणाऱ्याच्या आणि न खाणाऱ्याच्याही, हा पदार्थ जन्मापासून आहे, आणि तो नसता तर त्यांच्यापैकी एकही जण जगू शकला नसता.

कोलेस्टेरॉल हा पांढरट, मेणासारखा मऊ पदार्थ होय. तो प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेवरल याने ग्रीक भाषेतील 'पित्त' आणि 'घन' या अर्थांचे दोन शब्द जोडून त्याचे नाव तयार केले. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. ते फार सैल पडू नये आणि फार ताठरही होऊ नये, याची काळजी कोलेस्टेरॉल घेते. अन्नातील स्निग्ध पदार्थ पचविणारी पित्तातील आम्ले त्याच्यापासूनच बनतात. कित्येक संप्रेरके त्याच्यापासून घडतात. कोवळ्या उन्हात त्वचेत जे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, त्याचा कच्चा मालही याच कुळातील आहे. अशा उपयुक्त पदार्थासाठी शरीर केवळ अन्नावर विसंबून राहत नाही. ते आपल्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करते, आणि या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. म्हणूनच ज्याने जन्मात कधी अंडे किंवा मांस तोंडात घातले नाही, त्याच्याही रक्तात कोलेस्टेरॉल वाढू शकते.

मग बिघडते कोठे? हे समजण्यासाठी आमटीच्या भांड्यात डोकावून पाहावे. फोडणीचे तेल वर तवंग धरून राहते, पाण्यात मिसळत नाही. रक्तही बहुतांशी पाणीच आहे, आणि कोलेस्टेरॉल आहे मेणाच्या जातीचे. ते रक्तात मोकळे सोडले तर विरघळणार नाही. म्हणून शरीराने त्याच्या वाहतुकीची एक सुंदर व्यवस्था केली आहे. प्रथिनांचे आवरण असलेल्या सूक्ष्म गोळ्यांत ते भरले जाते आणि मालाने भरलेल्या होड्या नदीतून जाव्यात तसे हे गोळे रक्तातून वाहत जातात. या होड्यांचे अनेक प्रकार आहेत, पण त्यांतील दोन मुख्य. एलडीएल नावाच्या होड्या कोलेस्टेरॉल ठिकठिकाणच्या पेशींकडे नेतात. एचडीएल नावाच्या होड्या निरनिराळ्या ठिकाणचे शिल्लक कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणतात. यावरून लोकांनी पहिल्याला 'वाईट' आणि दुसऱ्याला 'चांगले' अशी नावे दिली आहेत. लक्षात ठेवायला ती सोयीची आहेत, इतकेच. कारण दोन्ही होड्यांतील माल एकच आहे, आणि माल पोहोचविणारी होडी मुळात दुष्ट नसते. तिची संख्या गरजेपेक्षा फार वाढली, की मात्र संकट सुरू होते.

हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिण्या किंवा धमन्या म्हणतात. एलडीएलच्या होड्या फार झाल्या आणि त्या वर्षानुवर्षे या धमन्यांतून फिरत राहिल्या, की त्यांतील काही धमनीच्या भित्तिकेत शिरून तेथेच अडकतात. हे समजावून सांगताना बहुतेक लोक गंजलेल्या नळाचा दाखला देतात. नळात क्षार साचून तो जसा आतून अरुंद होतो, तशीच धमनी तुंबते, असे ते सांगतात. हा दाखला सोपा आहे, परंतु पुरता खरा नाही. कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही, ते भित्तिकेच्या अंगात मुरते. जुन्या घराच्या भिंतीत पावसाळ्यात ओल मुरते, वरचा गिलावा हळूहळू फुगतो आणि एके दिवशी त्याचा पोपडा सुटतो. धमनीत घडते ते याच्याशी अधिक जुळणारे आहे. अडकलेले कोलेस्टेरॉल खाऊन टाकण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, ते पोटभर खातात आणि फुगून तेथेच मरतात. तेथे सूज येते आणि मेदाचा एक गोळा तयार होऊन त्यावर पातळ पापुद्रा धरतो. बरीच वर्षे तो पापुद्रा टिकून राहतो, आणि पुष्कळदा तो जन्मभरही फुटत नाही. पण जर तो फुटला, तर आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो, आणि जखमेवर रक्त गोठावे तसे ते धमनीच्या आतच गोठते. ही गुठळी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत अडकली तर पक्षाघात होतो.

या व्याधीची खरी भीती तिच्या मौनात आहे. दात किडला तर ठणकतो, ताप आला तर अंग तापते. पण रक्तात कोलेस्टेरॉल वाढले म्हणून डोके दुखत नाही, भूक मरत नाही, की जिना चढताना पाय जड होत नाहीत. शेतात दिवसभर राबणारा सडपातळ मनुष्यही या बाबतीत निर्धास्त राहू शकत नाही. धमनीतील बिघाडाची सुरुवात कित्येकदा तरुणपणातच होते आणि त्याचा परिणाम पन्नाशीत किंवा साठीत दिसतो. भारतीय लोकांना हृदयविकार युरोपीय लोकांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो, असेही आढळून आले आहे.

कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचे हे नाते शोधून काढण्यास शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ लागला. १९१३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह या तरुण संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही आठवड्यांतच त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर दिसू लागले. परंतु हा प्रयोग उंदरांवर केला, तर तसे काही घडेना. ससा हा गवत खाणारा प्राणी, त्याला न मानवणारे अन्न दिले तर बिघाड व्हायचाच, असे म्हणून अनेकांनी हा शोध बाजूला सारला. माणसाचे काय, हे माणसांकडे पाहूनच ठरणार होते. त्यासाठी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. कोण धूम्रपान करतो, कोणाचा रक्तदाब किती आहे, कोणाच्या रक्तात कोलेस्टेरॉल किती आहे, याच्या नोंदी होऊ लागल्या, आणि पुढे कोणाला हृदयविकार जडतो हे वैद्य धीराने पाहत राहिले. एका तपाच्या आत उत्तर दिसू लागले. ज्यांचे कोलेस्टेरॉल अधिक, ज्यांचा रक्तदाब अधिक, त्यांच्यात हृदयविकार अधिक. त्या गावातील लोकांच्या मुलांची आणि नातवंडांचीही नोंद पुढे ठेवण्यात आली.

आजाराचे कारण हाती आले, पण त्यावर चांगले औषध नव्हते. ते शोधण्याची कथा जपानमध्ये घडली. अकिरा एंडो याचा जन्म १९३३ साली जपानच्या उत्तर भागातील अकिता प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. आजोबांनी त्याला रानातील अळंब्या ओळखायला शिकविले. त्यांत एक अळंबी अशी होती, की तिच्यामुळे माशा मरत, पण माणसाला काही होत नसे. एकाला मारणारा पदार्थ दुसऱ्याला का बाधत नाही, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात घर करून राहिला. ॲलेक्झांडर फ्लेमिंगने निळ्या बुरशीतून पेनिसिलिन कसे शोधले, हे वाचून तर बुरशीविषयीचे त्याचे कुतूहल आणखीच वाढले. पुढे तो टोकियोतील सांक्यो या औषधे बनविणाऱ्या कंपनीत संशोधक झाला आणि १९६६ ते १९६८ ही दोन वर्षे अभ्यासासाठी न्यूयॉर्कला राहिला. हृदयविकाराच्या झटक्याने कोसळलेल्या वृद्धांना घेऊन धावणाऱ्या रुग्णवाहिका त्याने तेथे वारंवार पाहिल्या.

मायदेशी परतल्यावर त्याने असा विचार केला, की बुरशी ही स्थिर राहणारी, दुर्बळ वस्तू. भोवतालच्या जंतूंशी तिचे युद्ध चालते ते रासायनिक शस्त्रांनी. कित्येक जंतूंना आपले आवरण बांधण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. तेव्हा ते पदार्थ तयारच होऊ न देणारे शस्त्र एखाद्या बुरशीजवळ असले पाहिजे. तसे ते मिळाले, तर माणसाच्या यकृतातही तेच काम करील. तर्क नीट बांधलेला होता, पण ती बुरशी कोणती हे कोण सांगणार? १९७१ मध्ये एंडो आणि त्याचे थोडे सहकारी कामाला लागले. एकामागून एक बुरशी वाढवायची, तिचा अर्क काढायचा, तो पारखायचा आणि निष्फळ ठरला की पुढची बुरशी घ्यायची. अशा सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांची परीक्षा झाली. अखेर क्योटो शहरातील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या बुरशीत हवे ते सापडले. १९७३ साली त्या बुरशीतून वेगळ्या काढलेल्या पदार्थाला पुढे कॉम्पॅक्टिन असे नाव मिळाले.

आनंद फार काळ टिकला नाही. उंदरांना कॉम्पॅक्टिन दिले, तर त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल तसूभरही उतरेना. उंदरावर चालत नाही ते औषध पुढे कसे न्यावे, असा सूर कंपनीत निघू लागला. पण एंडोने धीर सोडला नाही. कोंबडी वरचेवर अंडी घालते आणि अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर असते. तेव्हा तिच्या शरीरात ते मोठ्या प्रमाणावर तयार होत असले पाहिजे, असे त्याने ताडले. शेजारच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याजवळ कोंबड्या होत्या. १९७६ मध्ये त्यांच्यावर औषधाची परीक्षा झाली आणि काही आठवड्यांतच त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या उंदरांनी अनिचकोव्हच्या शोधाला आडकाठी केली, त्यांनीच एंडोलाही अडविले, हा योगायोग गमतीचा खरा. पुढे मोठ्या मात्रेमुळे कुत्र्यांना अपाय होतो की काय, अशी शंका आल्याने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचे काम थांबले. परंतु तोवर त्याच जातीचा एक पदार्थ अमेरिकेतील संशोधकांनी दुसऱ्या बुरशीत शोधला होता. १९८७ मध्ये तो औषध म्हणून मान्य झाला. या औषधांच्या कुळाला स्टॅटिन म्हणतात. आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत स्टॅटिनच्या गोळ्या मिळतात. एंडोचे निधन २०२४ च्या जून महिन्यात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी झाले.

स्टॅटिन काम कसे करते? कोलेस्टेरॉल बनविण्याच्या कामी यकृतातील एक विकर आवश्यक असते. स्टॅटिन त्या विकराला अडवून धरते. घरचा माल कमी पडू लागला, की यकृत रक्तातून माल ओढून घेते. यकृताच्या पेशींवर एलडीएलच्या होड्या लागण्यासाठी जणू धक्के बांधलेले असतात. माल हवा असला, की पेशी नवे धक्के बांधते, अधिक होड्या आत घेते आणि रक्त मोकळे होते. या धक्क्यांचा शोध अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी लावला. त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधाने रक्तातील आकडा उतरतो, हे दिसले. पण माणसे वाचतात का? याचे उत्तर १९९४ साली मिळाले. युरोपच्या उत्तरेकडील देशांत हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांचे दोन सारखे गट केले होते. एका गटाला स्टॅटिन कुळातील गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात दुसऱ्या गटातील २५६ जण मरण पावले, तर औषध घेणाऱ्यांतील १८२.

असे असूनही ही गोळी अर्ध्यावर सोडून देणारे पुष्कळ असतात. घरातील एखादे आजोबा चार महिने गोळी घेतात, तपासणीत आकडा उतरलेला दिसतो आणि "आता मी बरा झालो, कशाला ही पीडा?" म्हणून ते पुडी कपाटात टाकून देतात. त्यांना काहीच त्रास होत नसतो, म्हणून त्यांचे म्हणणे सर्वांना पटतेही. परंतु आकडा उतरला होता तो गोळीमुळे. ती थांबली, की यकृत पुन्हा पूर्ववत काम करू लागते आणि थोड्याच आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो. काहींना या गोळीने स्नायू दुखल्यासारखे वाटते. अशा वेळी डॉक्टरांना तसे सांगावे. ते मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. अलीकडे, २०१५ नंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी टोचण्याची नवी औषधेही निघाली आहेत. मात्र ती महाग आहेत. आकडा थोडा वाढलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे व्यसन आणि घराण्यातील हृदयविकार हे सर्व पाहून डॉक्टर तो निर्णय घेतात.

अन्नाविषयीही बरेच गैरसमज आहेत. कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतींपासून काढलेल्या तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल. तेव्हा शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलविरहित' असे ठळक अक्षरांत छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर 'यात साखर नाही' असे लिहिण्यासारखे आहे. लिहिलेले खोटे नाही, पण त्यातून गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. रक्तातील एलडीएल वाढविण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा हात मोठा असतो. हा मेद तूप, लोणी, साय, चरबीचे मांस यांत असतो, तसाच तो खोबऱ्याच्या आणि पामच्या तेलातही असतो. त्याच्यामुळे यकृतावरील धक्के कमी होतात. याहून वाईट असे ट्रान्स मेद जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात फार असत. म्हणून भारतात २०२२ च्या जानेवारीपासून खाद्यतेलांत आणि अशा तुपांत त्यांचे प्रमाण शेकडा दोनपेक्षा अधिक असू नये, असा नियम झाला. पुरणपोळीवरच्या चमचाभर तुपाने कोणाच्या धमन्या बिघडत नाहीत. रोजची सवय काय आहे, हे महत्त्वाचे. उलटपक्षी मटकीची उसळ, वरण, पालेभाज्या, पेरू आणि हातसडीचे धान्य यांतील चोथा आतड्यात पित्ताची आम्ले धरून ठेवतो आणि शरीराबाहेर नेतो. मग नवी आम्ले करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. चालणे, पोहणे, खेळणे यांनी एचडीएल थोडे वाढते, वजन आणि रक्तदाब ताब्यात राहतो. तंबाखूचा धूर तर धमनीच्या भित्तिकेलाच इजा करतो.

काही घराण्यांत मात्र पथ्याने भागत नाही. त्यांच्यात यकृतावरील धक्के बांधण्याची सूचनाच जन्मतः सदोष असते. साधारणपणे २५० माणसांत एकाला असा दोष असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. अशी मुले इतर मुलांसारखीच धावतात, झाडावर चढतात, कबड्डी खेळतात. परंतु त्यांचे एलडीएल लहानपणापासूनच चढे असते आणि उपचार न केल्यास ऐन चाळिशीतही त्यांना झटका येऊ शकतो. क्वचित आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळतो. अशा मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी दिसू लागतात आणि त्याला बालपणीच हृदयविकार गाठतो. म्हणून ज्या घरात बाप, काका किंवा मामा यांना तरुण वयातच हृदयविकार जडला असेल, तेथील मुलांचे रक्त एकदा तपासून घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. अमेरिकेतील तज्ज्ञ तर प्रत्येक मुलाची ही तपासणी ९ ते ११ या वयात एकदा करण्याचा सल्ला देतात.

तपासणी अगदी साधी असते. दंडाला पट्टा बांधून कोपराजवळच्या शिरेतून थोडे रक्त घेतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आकड्यांचा कागद हाती येतो. मोठ्या माणसांत एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तात २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे आणि एलडीएल १०० च्या आत असल्यास उत्तम, असे सामान्यतः मानतात. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याच्यासाठी एलडीएलची मर्यादा याहूनही बरीच खाली आणतात. पूर्वी या तपासणीसाठी रात्रभर उपाशी राहावे लागे. आता पहिल्या तपासणीसाठी बहुतेक वेळा त्याचीही आवश्यकता उरलेली नाही.